मॅप सेन्सर बदलण्याआधी चावी ऑनचं रीडिंग बघा

गाडीचा चेक लाइट लागला आणि स्कॅनरवर पी०१०६, पी०१०७ किंवा पी०१०८ हा कोड आला की गॅरेजमध्ये थेट नवा मॅप सेन्सर, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर, मागवतात. त्याआधी एक फुकटची तपासणी आहे. चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका आणि स्कॅनरच्या लाइव्ह डेटात मॅनिफोल्डचं प्रेशर बघा. इंजिन बंद असताना आत बाहेरचीच हवा असते. त्यामुळे मुंबईत साधारण १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६ दिसायला हवं. पुण्यात १०१ दिसलं तर सेन्सरवर शंका घ्या. मोबाइलच्या हवामान अ‍ॅपशी मात्र ताळा करू नका, तिथला दाब बहुधा समुद्रसपाटीचा धरून दिलेला असतो.

सेन्सरच्या आत सिलिकॉनचा पातळ पडदा असतो. त्याच्या एका बाजूला सीलबंद निर्वात पोकळी, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डमधली हवा. पडदा वाकला की त्यावरच्या रेझिस्टरांचा रोध बदलतो आणि त्याचं व्होल्टेज ईसीयूकडे (इंजिनच्या कॉम्प्युटरकडे) जातं. हा दाब, हवेचं तापमान आणि आरपीएम यांवरून आत किती हवा गेली आणि किती पेट्रोल द्यायचं, हे ठरतं. वायरी तीन: ५ व्होल्ट, ग्राउंड, सिग्नल. चौथी असेल तर ती तापमानाची.

आता इंजिन गरम करून, एसी बंद ठेवून आयडलला (रेस न देता) बघा. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात ३० ते ४० किलोपास्कल, सिग्नल साधारण १ ते १.५ व्होल्ट. चावी ऑनला बरोबर असलेला आकडा आयडलला ५५-६० वर अडला, तर सेन्सरला दोष देऊ नका. तो खरंच सांगतोय, मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युम बनत नाहीये. इनटेकची गॅस्केट, घट्ट झालेले टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग), एखादा दात सरकलेला टायमिंग बेल्ट तपासा. जुन्या गाड्यांत सेन्सर होजवर (रबरी नळीवर) असतो. ती होज फुटली की ईसीयूला वाटतं थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडलाय, तो जास्त पेट्रोल देतो, मग काळा धूर आणि काळे पडलेले प्लग.

रेस दिल्यावर आकडा उशिरा हलत असेल तर सेन्सरच्या तोंडात ऑइल-कार्बन साचलाय. सेन्सर क्लीनरचा फवारा मारून वाळू द्या. आत पिन घालू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका, पडदा जाईल. ओ-रिंग कडक झाली असेल तर तीही बदला.

कनेक्टरवर ५ व्होल्टच येत नसतील, तर त्याच लाइनवरचे बाकीचे सेन्सर एकेक काढून बघा. शॉर्ट झालेला एक सेन्सर सगळ्यांचा सप्लाय ओढून खाली आणतो.