व्हीएफडीवरच्या मोटरचं कंपन मोजताना: 90 हर्ट्झची खोटी रेषा

ब्लोअरची मोटर चार पोलची, व्हीएफडीवर (पुरवठ्याची फ्रिक्वेन्सी बदलून वेग बदलणारा ड्राइव्ह) 45 हर्ट्झला चालणारी. बेअरिंगच्या हाउसिंगवर एडीएक्सएल335 हा कंपन मोजणारा सेन्सर बसवला, आर्डुइनो ऊनोने सेकंदाला 1000 नमुने घेतले आणि एफएफटी (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती कंपन आहे याचा आलेख) काढला, की 90 हर्ट्झला ठसठशीत रेषा उभी राहते. 90 म्हणजे मोटरला मिळणाऱ्या पुरवठ्याच्या दुप्पट. कंपनाचे आलेख वाचणारा कुणीही इथे स्टेटरवर (मोटरचा न फिरणारा भाग) नाहीतर मोटरचा पाय नीट न टेकण्यावर संशय घेणार. पण मोटर उघडण्याआधी ती रेषा खरी आहे का, हे बघावं लागतं.

या व्हीएफडीची स्विचिंग फ्रिक्वेन्सी (आउटपुट चालू-बंद करण्याचा वेग) 4 किलोहर्ट्झ आहे. तिच्या दोन्ही बाजूंना, आउटपुटच्या दुपटीइतक्या अंतरावर साइडबँड, म्हणजे बाजूच्या रेषा, असतात: 3910 आणि 4090. सॅम्पलिंग रेटच्या निम्म्याहून वरची फ्रिक्वेन्सी आलेखात खाली दुमडून दिसते, हेच एलियासिंग. रेट 1000 ठेवला की 4000 दुमडून शून्यावर येतो आणि हे दोघेही 90वर येऊन बसतात, अगदी खऱ्या रेषेच्या जागी. मोटरचा वेग बदलून बघण्याचा नेहमीचा उपाय इथे फसतो, कारण 45चे 40 केले तर खरी रेषा 80ला जाते आणि खोटीही 80लाच जाते. म्हणून मी मोटरला हात लावत नाही, सॅम्पलिंग रेट बदलतो. 1024 घेतला की चौपट होते 4096. मग 4090 उतरतो 6वर आणि 3910 उतरतो 186वर. 90 जागेवर राहिली तर ती यंत्राची, हलली तर तारेतून शिरलेली. 16 मेगाहर्ट्झच्या घड्याळातून हे दोन्ही रेट नेमके निघतात: टायमर-1च्या ओसीआर1ए या रजिस्टरमध्ये 15999 आणि 15624.

बोर्डावर क्वार्ट्झ नसून सिरॅमिक रेझोनेटर असेल, तर खोटी रेषा दुभंगते. घड्याळ 0.1 टक्का चुकलं तरी चौपटीत 4 हर्ट्झचा फरक पडतो आणि 90च्या जागी 86 आणि 94 अशी जोडी दिसते. काही व्हीएफडी स्विचिंग फ्रिक्वेन्सी मुद्दाम इकडेतिकडे हलवत ठेवतात. तिथे रेषाच दिसत नाही, सगळा तळ वर उचलला जातो. ते ओळखणं जास्त अवघड.

आता उपाय. एडीएक्सएल335 मध्ये आउटपुटला 32 किलोओहमचा रेझिस्टर आतच असतो, बाहेर कपॅसिटर लावला की लो-पास, म्हणजे फक्त खालच्या फ्रिक्वेन्सी जाऊ देणारा फिल्टर, तयार होतो. तयार बोर्डावर बहुधा 0.1 मायक्रोफॅरड असतो, म्हणजे बँडविड्थ फक्त 50 हर्ट्झ. मला 200 पर्यंत हवं होतं, म्हणून ते काढून 0.01 लावले, सुमारे 500 हर्ट्झ मिळतात. सुमारेच, कारण आतला रेझिस्टर 15 टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकतो. पण हा फिल्टर सेन्सरच्या पोटात आहे आणि गोंगाट शिरतो तो पुढच्या केबलमध्ये. त्यामुळे एलियासिंग अडवण्याचं काम त्याच्यावर सोपवून चालत नाही. सेन्सरपाशी एमसीपी6001 या ऑप-अँपचा बफर आणि त्याच्या आउटपुटला 220 ओहम लावले, शील्डवाली केबल टाकली, आणि खरा फिल्टर आर्डुइनोच्या एडीसीच्या (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) पिनपाशी उभा केला.

तो एमसीपी6002वरचा सॅलन-की (ऑप-अँपवर बांधलेला लो-पास), दुसऱ्या ऑर्डरचा, गेन एक. दोन्ही रेझिस्टर 15 किलोओहम, एक टक्कावाले. फीडबॅकचा कपॅसिटर 47 नॅनोफॅरड, ग्राउंडकडचा 22. कटऑफ येतो 330 हर्ट्झ, प्रतिसाद जवळपास बटरवर्थसारखा, म्हणजे कटऑफच्या खाली सपाट. कपॅसिटर फिल्मचे घ्यायचे. एक्स7आर सिरॅमिक पिझोइलेक्ट्रिक असतात, हादऱ्याने स्वतःच व्होल्टेज काढतात. कंपन मोजणाऱ्या सर्किटमध्ये ते घालणं म्हणजे आणखी एक सेन्सर नकळत जोडणं. शिवाय स्वस्त ऑप-अँपचा सॅलन-की वरच्या फ्रिक्वेन्सीला ढिला पडतो, तिथे सिग्नल फीडबॅकच्या कपॅसिटरमधून थेट आउटपुटला गळतो. म्हणून त्याच्या आउटपुटला 1 किलोओहम आणि 100 नॅनोफॅरडचा साधा आरसी लावला, कटऑफ जवळपास 1.6 किलोहर्ट्झ. एडीसीलाही तो सोयीचा, कारण आतला छोटा सॅम्पलिंग कपॅसिटर भरायला चार्ज पिनपाशीच तयार असतो.

रेट किती ठेवायचा? ‘दुपटीहून थोडा जास्त’ हे उत्तर परीक्षेपुरतं ठीक. 10 बिटच्या एडीसीला सुमारे 60 डीबी दाबणं हवं. 1000 रेटला 800 हर्ट्झवरचा गोंगाट 200वर दुमडतो आणि तिथे हा सॅलन-की जेमतेम 15 डीबी दाबतो. एवढ्याशा अंतरात 60 डीबी गाठायला बराच वरच्या ऑर्डरचा फिल्टर लागेल. त्यापेक्षा रेट वाढवणं स्वस्त.

मी 8000 मात्र घेतला नाही. व्हीएफडीच्या स्विचिंगच्या दुसऱ्या हार्मोनिकचे (8 किलोहर्ट्झ) साइडबँड 7955 आणि 8045ला असतात, ते 45वर येऊन पडले असते. ओसीआर1ए मध्ये 1919 टाकलं की रेट मिळतो 8333.33. मग 8000 दुमडतो 333वर आणि साइडबँड 288 आणि 378वर, म्हणजे मला हव्या असलेल्या पट्ट्याच्या बाहेर. 12, 16, 20 आणि 24 किलोहर्ट्झही मांडून पाहिले. सगळे 600च्या वरच पडतात. 8 किलोहर्ट्झला सॅलन-की आणि आरसी मिळून 69 डीबीच्या आसपास दाबतात, तरीही रेट असा निवडायला काहीच खर्च नाही.

वेळ लूपमधून पाळायची नाही. अ‍ॅनालॉगरीड आणि डिले वापरले, की सीरियलचा 64 बाइटचा बफर भरताच लूप अडकतो आणि नमुन्यांमधलं अंतर बदलतं. एडीसीला टायमर-1च्या कंपेअर मॅच बी ने ऑटो-ट्रिगर दिला. रूपांतराला 108 मायक्रोसेकंद लागतात, दोन नमुन्यांत 120 असतात. ओसीआर1बी भरायचं विसरू नये, आणि इंटरप्टमध्ये ओसीएफ1बी फ्लॅग पुसायचाच. नाहीतर एक नमुना येऊन सगळं थांबतं. दर नमुन्याला दोन बाइट म्हणजे सेकंदाला 16,667 बाइट होतात. 115200 बॉड त्याला पुरत नाही, 250000 लागतो. दहा बिट पाच-पाच असे वाटले आणि पहिल्या बाइटचा सर्वात वरचा बिट 1 ठेवला, म्हणजे एखादा बाइट गळला तरी लॅपटॉपला जोडी पुन्हा जुळवता येते.

लॅपटॉपवर 101 टॅपचा एफआयआर (सॉफ्टवेअरमधला लो-पास फिल्टर), कटऑफ 400, आणि मग दर आठवा नमुना. फिल्टर न लावता नुसता आठवा नमुना उचलला, तर बाहेर अडवलेलं एलियासिंग सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा तयार होतं. आता रेट 1041.67 उरतो. 200च्या वर जे दिसतं ते वाचायचं नाही.

तपासणी सिग्नल जनरेटरने. सेन्सर काढून सॅलन-कीच्या इनपुटला 1.65 व्होल्टच्या ऑफसेटवर 8433 हर्ट्झची, म्हणजे रेटहून जवळपास 100 जास्त, साइन दिली. फिल्टर वगळून जोडलं तर 100 हर्ट्झला पूर्ण उंचीची रेषा येते. 100ऐवजी 97 किंवा 104 आली तर घड्याळ तेवढं चुकतंय. फिल्टर घातला की ती तळात बुडायला हवी. मग खरी 200 हर्ट्झची साइन देऊन उंची मोजायची. सेन्सरचा आरसी धरून तिथे सगळे फिल्टर मिळून सुमारे 12 टक्के खातात, तेवढी दुरुस्ती एफएफटीनंतर गुणून करतो.