आजीच्या वहीचं छापील पुस्तक करताना – माझा अनुभव

घरच्या पदार्थांचं पुस्तक छापून घ्यायचा विचार असेल तर आधीच सांगतो, वेळ छपाईला लागत नाही, मापं काढायला लागतो. आमच्याकडे आजीची वही होती, पुढे आत्याने त्यातच भर घातलेली, पानं तेलकट, मधे मधे मासिकातली कात्रणं डकवलेली. आणि घरातली निम्मी मुलं आता परगावी नाहीतर परदेशी, दिवाळी जवळ आली की आत्याचा फोन वाजायला लागतो. म्हटलं हे सगळं एकदा नीट कागदावर आणूया.

वहीतली सुरुवातीची पानं शेर-मापट्यातली. आपल्याकडे किलो-ग्रॅम १९५८ नंतर टप्प्याटप्प्याने आले, हे त्याच्या आधीचं लिखाण. वजनाचा पक्का शेर म्हणजे ८० तोळे, साधारण ९३३ ग्रॅम, पण धान्याचा शेर वेगळा, ते भांड्याचं माप, पायलीचा चौथा भाग, आणि आजीने दोन्हीकडे नुसतं "शेर" लिहिलंय. मी तक्ते काढून बसलो तर आत्या म्हणाली, "अरे धान्य मापाने घ्यायचो, गूळ-तूप वजनावर, त्यात काय विचारायचंय." एवढ्या एका वाक्याने अर्धी वही उलगडली. भाजणीला तर बदलायची गरजच नाही, कारण तिथे प्रमाण महत्त्वाचं. चकलीच्या भाजणीत तांदूळ ४, हरभरा डाळ २, उडीद डाळ १ आणि मूगडाळ अर्धा, मग तो शेर घ्या नाहीतर वाटी, फक्त सगळ्याला एकच भांडं हवं.

खरी कसोटी आत्याच्या हाताचं माप काढायची. तिला मधे थांबवून "हे किती घातलंस" विचारलं की तिची लय जाते आणि पदार्थ पण वेगळा होतो. म्हणून मी स्वयंपाकाआधी मिठाची बरणी, तिखटाचा डबा, तेलाचं भांडं सगळं डिजिटल काट्यावर ठेवून वजन लिहून घ्यायचो आणि स्वयंपाक झाला की परत, जी वजाबाकी येईल ते माप. तिला काही वेगळं करावं लागत नाही. हिंग-हळदीसारख्या ग्रॅम-दोन ग्रॅमच्या गोष्टी घरगुती काट्यावर भरवशाने येत नाहीत, तिथे चमचाच, छोटा ५ मिलीचा आणि मोठा १५ चा. तिच्या नेहमीच्या वाटीत काठोकाठ पाणी भरून वजन केलं तर १५० ग्रॅम, म्हणजे वाटी १५० मिलीची. अमेरिकेतल्या भाचीकडे २४० चा कप आहे, ती इतके दिवस वाटीच्या जागी कप घेत होती आणि पाणी मात्र आत्याने सांगितलेलं, उकड बिघडणारच ना.

कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं, त्यात वाटी-चमच्याची मापं होती म्हणून नवख्या मुलींना ते आपलं वाटलं, आमच्या आईला सुद्धा. मला वाटतं पुढची पायरी म्हणजे वाटीच्या शेजारी ग्रॅम पण लिहिणं, निदान अनारशासारख्या पदार्थाला तरी. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, कापडावर पसरून ओलसर असतानाच कुटायचे, आणि मग गूळ. गूळ वाटीने घेतला तर जाड किसलेला वेगळा भरतो, दाबून भरलेला वेगळा, आणि जरा जास्त झाला की अनारसा तुपात हसतो, म्हणजे फुटून पसरतो. आमच्या घरी पीठ आणि गूळ समवजन, बरेच जण पाऊणपट घेतात, पुस्तकात दोन्ही दिलंय. "खमंग वास सुटेपर्यंत", "हाताला चिकटेनासं होईपर्यंत" हे आत्याचे शब्द मात्र तसेच ठेवले, मिनिटं शेजारी लिहिली, कारण प्रत्येकाचा गॅस वेगळा.

परसातल्या भाज्यांची चार पानं पण घातली. वडीचं अळू काळ्या देठाचं असतं, भाजीचं वेगळं, आणि दोन्हीला चिंच किंवा आमसूल हवंच नाहीतर घसा खाजतो, हे आता कुंडीत अळू लावणाऱ्या मुलांना कोण सांगणार?

कात्रणं सगळी वगळली. ते दुसऱ्याचं लिखाण आहे, आपल्या पुस्तकात छापू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

टायपिंग फोनवर बोलून केलं, आत्याची रेकॉर्डिंग ऐकत ऐकत. छापखान्यात फाईल देताना एक लक्षात ठेवा, फोनवर टाइप होणारा युनिकोड मजकूर त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरमधे उघडला की जोडाक्षरं फुटतात, म्हणून फॉन्ट आत बसवलेली पीडीएफच द्यायची आणि एक छापील नमुना स्वतः वाचून मगच हो म्हणायचं, मी "½" चे सगळे आकडे त्यात एकेक करून तपासले. प्रती थोड्या असतील तर डिजिटल छपाईच परवडते. बाइंडिंग वायरोचं, म्हणजे तारेच्या कड्यांचं घ्या, पुस्तक ओट्यावर सपाट उघडं राहतं, चिकटवलेलं आपोआप मिटतं आणि पिठाच्या हाताने धरत बसावं लागतं. प्रत्येक पदार्थासमोर अर्धं पान कोरं सोडलंय, ज्याने त्याने आपलं लिहावं.

लोणच्यांचा भाग यात नाहीये. लोणचं टिकतं ते मिठावर, तिथे अंदाजाने लिहून चालणार नाही, आणि आत्या सांगते तो आकडा आणि तिच्या हातून पडतं ते मीठ यात फरक असणार हे आता मला माहितीये. उन्हाळ्यात बाजारात कैऱ्या आल्या की काटा घेऊन सांगलीला आत्याकडे जाणार, फोडी, मीठ, मोहरी सगळं वजन करून लिहिणार, आणि ते लोणचं वर्षभर टिकलं तरच पान छापायचं असं आमचं ठरलंय.