तळपायांची आग आणि हरवलेली झोप

मधुमेहामुळे होणारी नसांची वेदना बहुधा पायांच्या बोटांपासून सुरू होते, कारण शरीरातील सर्वांत लांब नसा तिथवर गेलेल्या असतात आणि दीर्घकाळ वाढलेल्या साखरेची झळ त्यांना आधी लागते. मला प्रथम नुसत्या मुंग्या येत. पुढे तळव्यांची आग होऊ लागली आणि आता रात्री चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. दिवसा कामाच्या नादात जे निभावून जाते, ते अंथरुणाला पाठ टेकताच डोके वर काढते. अपुऱ्या झोपेतून येणारी माझी चिडचिड मात्र घरातल्यांना सोसावी लागते.

प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन यांसारखी औषधे वेदना कमी करतात, पण बिघडलेली नस पूर्ववत करत नाहीत. शिवाय गोळीची गुंगी सांभाळत जिना उतरणे हे एक वेगळेच काम होऊन बसते. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध घेणाऱ्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊन नसांना आणखी इजा होऊ शकते, म्हणून त्याचीही तपासणी करून घ्यावी लागते.

विचित्र बाब अशी, की ज्या पायांची एवढी आग होते, त्यांनाच खडा टोचलेला कळत नाही. डॉक्टर १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवतात, तेव्हा काही ठिकाणी मला तो जाणवतच नाही. काशाच्या वाटीने तळवे घासण्याचा किंवा कढत पाण्यात पाय बुडवण्याचा सल्ला आपुलकीने दिला जातो. परंतु संवेदना गेलेल्या कातडीला भाजल्याचेही कळत नाही, हे प्रत्येकाला नव्याने समजावून सांगावे लागते.