स्वादुपिंडाच्या गाठीचे ऑर्गनॉइड: सुईच्या नमुन्यापासून गोठवलेल्या व्हायलपर्यंत

स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे ऑर्गनॉइड, म्हणजे रुग्णाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेले सूक्ष्म त्रिमितीय गोळे, वाढवण्याची आज सगळीकडे वापरली जाणारी पद्धत हान्स क्लेव्हर्स आणि डेव्हिड टुव्हसन यांच्या गटांनी २०१५ साली मांडली. आम्हीही तीच वापरतो. अडचण पद्धतीत नसून नमुन्यात असते. निदान होतं तेव्हा बहुतेक रुग्णांची गाठ शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेली असते. त्यामुळे हाती येतो तो एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडखाली (तोंडातून घातलेल्या दुर्बिणीच्या टोकावरची सोनोग्राफी) २२ गेजच्या सुईने काढलेला दोऱ्यासारखा तुकडा, तोही रक्ताने माखलेला. शिवाय ही गाठ तंतुमय, म्हणजे त्या तुकड्यातही कर्करोगाच्या पेशी मोजक्याच.

संमतीपत्र गुंगीचं औषध देण्याआधी घ्यायचं, आणि निदानाच्या संमतीपासून वेगळं. निदानाला पुरेल इतकं मिळाल्यावरच आमच्यासाठी सुईची एक जादा फेरी, हे एंडोस्कोपिस्टशी आधीच ठरलेलं हवं. नमुना ठेवायच्या १५ मिलिच्या ट्यूबमध्ये थंड अ‍ॅडव्हान्स्ड डीएमईएम/एफ१२, १० मिलिमोलर हेपीस, प्रतिमिलि १०० मायक्रोग्रॅम प्रायमोसिन (जंतुनाशक) आणि १० मायक्रोमोलर वाय-२७६३२ (सुट्या झालेल्या पेशींना जगवणारं रसायन). ट्यूबवर ठळक अक्षरात ‘फॉर्मलिन नको’ लिहा. बायोप्सी दिसली की फॉर्मलिनमध्ये टाकायची, ही तिथल्या हातांची सवय असते. ट्यूब बर्फात ठेवून नमुना त्याच दिवशी लावायचा.

डिशमध्ये ओतल्यावर दिसणारे लाल दोरे बहुतेक रक्ताच्या गुठळ्या असतात. पांढरट, थोडे घट्ट तंतू ते खरं ऊतक. तेवढे चिमट्याने वेगळे करून एसीके बफरमध्ये दोन-तीन मिनिटं ठेवले की उरलेल्या लाल पेशी फुटतात. शस्त्रक्रियेच्या तुकड्याला कोलॅजनेज (ऊतकातले तंतू विरघळवणारं विकर) कित्येक तास लागतं. सुईच्या नमुन्याला तसं केलंत तर हाती काही उरत नाही. प्रतिमिलि ५ मिलिग्रॅम कोलॅजनेज, १० मायक्रोग्रॅम डीएनेज (डीएनए तोडणारं विकर), ३७ अंशांवर १० ते २० मिनिटं, आणि दर पाच मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. पेशींचे लहान पुंजके दिसले की थांबा. सुट्या पेशी झाल्या तर त्यांतल्या बऱ्याच मरतात. मिश्रण शेंबडासारखं चिकट झालं तर तो मेलेल्या पेशींचा डीएनए. थोडं डीएनेज वाढवा, व्हॉर्टेक्स करू नका. टिप आणि ट्यूब आधी ०.१ टक्का बीएसएने (एक प्रथिन) ओल्या करून घ्याव्यात. इतक्या कमी पेशी असताना प्लॅस्टिकला चिकटून गेलेल्यासुद्धा परवडत नाहीत.

मॅट्रिजेल (थंडीत पातळ, उबेत घट्ट होणारं, पेशींना आधार देणारं जेल) रात्रभर फ्रिजमध्ये, बर्फात बुडवून वितळवायचं. टिप थंड, २४ खणांची प्लेट मात्र आदल्या रात्रीपासून ३७ अंशांवर. पेशी मिसळलेल्या जेलचा ५० मायक्रोलिटरचा डोम, म्हणजे घुमटासारखा थेंब, आणि सुईच्या नमुन्याचे एक किंवा दोनच डोम. पेशी विरळ पडल्या तर वाढत नाहीत, त्यामुळे जास्त खण भरण्याचा मोह टाळा. प्लेट उलटी करून १५-२० मिनिटं इनक्युबेटरमध्ये. नाहीतर पेशी तळाला बसतात आणि फायब्रोब्लास्टना (गाठीतल्या तंतू बनवणाऱ्या, नको असलेल्या पेशींना) आयतं प्लॅस्टिक मिळतं. मग ५०० मायक्रोलिटर मीडियम: ५० टक्के डब्ल्यूएनटी३ए आणि १० टक्के आर-स्पॉन्डिन कंडिशन्ड मीडियम (ही वाढीची प्रथिनं सोडणाऱ्या पेशींवरून गोळा केलेलं द्रव), प्रतिमिलि १०० नॅनोग्रॅम नॉगिन, ५० नॅनोग्रॅम ईजीएफ, १०० नॅनोग्रॅम एफजीएफ१०, शिवाय ५०० नॅनोमोलर ए८३-०१, १० नॅनोमोलर गॅस्ट्रिन, १० मिलिमोलर निकोटिनामाइड, १.२५ मिलिमोलर एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन आणि बी२७. पहिल्या दिवसांपुरतं वाय-२७६३२. यात सगळ्यात बेभरवशाचं डब्ल्यूएनटी. बॅच बदलली की ताकद बदलते. नवी बॅच आधी जुन्या, चांगल्या वाढणाऱ्या लाइनवर (एका नमुन्यापासून सतत वाढवत ठेवलेल्या ऑर्गनॉइडवर) पारखून घ्या, रुग्णाच्या नमुन्यावर कधीच नको.

आठवडाभरात पोकळ गोळे दिसू लागतात. पण हे गाठीचेच का? सुई स्वादुपिंडाच्या डोक्यात जाते ती ड्युओडेनमची भिंत भेदून, मधल्या भागात आणि शेपटीत जाते ती जठराची. त्या भिंतीचं अस्तर सुईत येतं आणि याच मीडियममध्ये मजेत वाढतं. स्वादुपिंडाच्या निरोगी नलिकेच्या पेशीही वाढतात, तेही सुरुवातीला गाठीपेक्षा जोमाने. आकारावरून निवाडा करू नये. पातळ भिंतीचे सुबक गोळे कर्करोगाचेही असू शकतात.

म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या पॅसेजला (ऑर्गनॉइड फोडून नव्या जेलमध्ये पुन्हा लावताना) केआरएएस या कर्करोगाशी निगडित जनुकाचा कोडॉन १२, म्हणजे त्यातली नेहमी बदलणारी जागा, पाहतो. स्वादुपिंडाच्या बहुसंख्य गाठींत या जनुकात बदल असतो. शुद्ध लाइनमध्ये बदललेल्या प्रतीचं प्रमाण साधारण निम्मं किंवा त्याहून जास्त यायला हवं. ते १० टक्क्यांवर अडकलं तर मिश्रण आहे. गाठीत टीपी५३ हे पेशींच्या वाढीला लगाम घालणारं जनुक बिघडलेलं असेल तर १० मायक्रोमोलर नटलिन-३ निरोगी पेशी मारून मिश्रण साफ करतं. मात्र टीपी५३ शाबूत असलेल्या गाठीला हेच औषध संपवतं, तेव्हा आधी सिक्वेन्सिंग, मग नटलिन. रुग्णाच्या रक्ताशी एसटीआर (माणसागणिक वेगळी असणारी डीएनएची खूण) जुळवणंही इथेच उरकावं. इनक्युबेटरमध्ये अनेक लाइन शेजारी असल्या की अदलाबदल सहज होते.

पॅसेज साधारण आठवड्याने, सुरुवातीला १:२ पेक्षा जास्त पातळ नाही. मॅट्रिजेल बर्फावरच्या सेल रिकव्हरी सोल्युशनमध्ये अर्धा तास विरघळवा, मग टोक अरुंद केलेल्या काचेच्या पिपेटने गोळे फोडा. गोठवायचे ते पॅसेजनंतर दोन-तीन दिवसांचे लहान ऑर्गनॉइड; मोठ्या गोळ्यांच्या आतपर्यंत डीएमएसओ (गोठताना पेशींना वाचवणारं द्रव) नीट पोचत नाही. तापमान मिनिटाला एक अंशाने उतरवायचं. मायकोप्लाझ्मा (पेशींच्या संवर्धनात लपून वाढणारा जिवाणू) चाचणी झाल्याशिवाय आणि एक व्हायल वितळवून पुन्हा वाढलेली दिसल्याशिवाय त्या लाइनची नोंद बँकेत करत नाही.