यायलाय

शनिवार, रात्रीचे साडेअकरा. छत्रपती संभाजीनगर, सिडकोतलं मावसबहिणीचं घर.

घरातले सगळे झोपलेत. तपासायच्या वह्यांचा गठ्ठा समोर आहे, पण आधी हे लिहून काढते. उद्यापर्यंत थांबले तर ऐकलेला आवाज कानातून निसटेल.

सकाळी परभणीकडच्या आमच्या सेलूहून मराठवाडा एक्स्प्रेसनं आले. अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवाचं डेलिगेट कार्ड यंदा पहिल्यांदाच काढलं. 2025 ला दहावा महोत्सव झाला, पद्मपाणी पुरस्कार सई परांजपे यांना होता, तेव्हाही यायचं फार मनात होतं. शाळेमुळे जमलं नाही. पुरस्कारांची नावं मला मनापासून आवडतात. पद्मपाणी अजिंठ्याच्या 1 नंबरच्या लेणीतला, सुवर्ण कैलास वेरूळच्या 16 नंबरच्या लेणीवरून. बाहेरून आलेल्या माणसाच्या हातात आपण आपल्या मातीतलंच काहीतरी ठेवतो, असं वाटतं.

दुपारी एक परदेशी सिनेमा पाहिला, चांगला होता. पण दिवस खरा सुरू झाला तो त्यानंतरच्या लघुपटांत. बीडकडच्या एका पोरानं केलेला, वीसेक मिनिटांचा. एक म्हातारी, तिची नात आणि चार शेरडं, एवढंच. म्हातारी ओसरीवर बसलीय, वर बघते आणि म्हणते, "आभाळ आलंय. पाऊस यायलाय. शेरडं आत घे, माय."

यायलाय. मोठ्या पडद्यावर, अंधाऱ्या थेटरात, चांगल्या स्पीकरमधून. माझ्या अंगावर काटा आला. पन्नाशीला टेकले, इतके सिनेमे पाहिले, पण आमच्या घरात बोलतात तसं "यायलाय" कुणी हसवण्यासाठी नाही तर साधं बोलण्यासाठी म्हणालंय, असं मी आज पहिल्यांदा ऐकलं. एरवी आमची मराठवाड्याची बोली सिनेमात येते ती नोकराच्या नाहीतर बावळट पाहुण्याच्या तोंडी. वाक्य संपायच्या आत लोक हसतात.

पुण्यात शिकायला होते तेव्हा होस्टेलच्या मेसमध्ये पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "थांबा, मी जेवायलेय." टेबलावरच्या मुलींनी ते मला तीनदा म्हणायला लावलं. वाईट नव्हत्या त्या, त्यांना खरंच गंमत वाटत होती. दोन महिन्यांत मी "जेवतेय" म्हणायला लागले. सुट्टीत घरी गेले तर आई म्हणाली, "कुणासंगं बोलायलीस तू?"

सिनेमानंतर दिग्दर्शकाशी गप्पा होत्या. मी कधी हात वर करत नाही, आज केला. विचारलं, एवढा आवाज कसा सांभाळला? तो म्हणाला, ती म्हातारी त्याची सख्खी आत्या. बोलणं जागेवरच रेकॉर्ड केलंय, सिंक साउंड. आधी डबिंगचा विचार होता, आत्याला पुण्याच्या स्टुडिओतही नेलं. बंद खोलीत, कानाला हेडफोन लावून तिला तेच वाक्य म्हणता येईना. पाऊस नाही, शेरडं नाहीत, मग सांगायचं कुणाला? म्हणून शूटिंगचाच आवाज ठेवला. आणि तो मिळवायचा म्हणजे विहिरीवरच्या मोटारीची घरघर नको. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ती कधी जाते याची वाट बघत सगळी मंडळी बांधावर बसून राहायची. लाईट गेली की आत्या ओसरीवर आणि कॅमेरा सुरू.

मग मी सबटायटलचं विचारलं. "यायलाय"च्या खाली इंग्रजीत आलं ते नुसतं पाऊस येतोय, एवढंच. तो म्हणाला, "बाई, खाली जागा दोनच ओळींची. त्यात आत्या मावत नाही." थोडं थांबून त्यानं विचारलं, "तुमी कुठल्या?" सेलू म्हटल्यावर इतका मोकळा हसला, की सभागृहात आम्ही दोघंच नातेवाईक आहोत असं वाटून गेलं.

परत येताना रिक्षात आजोबा आठवत राहिले. ते निजामाच्या काळात शिकले, सगळं शिक्षण उर्दूतून. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य संपलं, त्यानंतर मराठी शाळा वाढल्या, पण त्यातली मराठी पुस्तकातली, पुण्याकडची. आमच्या घरची मराठी आधीही शाळेबाहेर होती, नंतरही बाहेरच राहिली. आजोबा "दवाखाना", "कागद" तर म्हणायचेच, पण "जल्दी" आणि "यायलाय" एकाच वाक्यात बसवायचे. ते वाक्य कुणी कुठं लिहून ठेवलं नाही. मीही नाही.

हे लिहितालिहिता गठ्ठ्यातली वरची वही उघडली. सहावी ब, "माझी आजी" हा निबंध. पोरीनं लिहिलंय : आजी अंगणात बसून गहू निवडायलीय. "निवडायलीय"वर माझी लाल रेघ आहे, वर "निवडत आहे". परवाच मारलेली. पुढच्या पाच वह्यांत तशाच अकरा रेघा निघाल्या.

परीक्षेत प्रमाण भाषाच लागते, पेपर तपासणारा त्या पोरीचे गुण कापेल आणि ते नुकसान तिचंच होईल. ते शिकवणं मी सोडणार नाही. पण तिची आजी निबंधात एकदाही बोललेली नाही. कुणाचीच आजी बोललेली नाही. चाळीस वह्या, चाळीस आज्या आणि एकीच्याही तोंडी एक वाक्य नाही. कसं असेल? बोलली की रेघ बसते, हे मुलांना आता ठाऊक झालंय.

सोमवारी दुसऱ्या तासाला हाच निबंध पुन्हा लिहून घेणार आहे. सांगणं पुस्तकासारखं, पण आजी बोलेल तेव्हा ती घरी बोलते तसंच, एक अक्षरही न बदलता. त्याआधी फळ्यावर अवतरणचिन्हं शिकवायला हवीत, तो धडा राहूनच गेलाय.