शून्यापासून मोजायचं राहिलं

घरात कॉम्प्युटर एक, वापरणारे दोन. बाबांचा हिशेबाचा प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालतो, माझं काम लिनक्सवर. विंडोजशेजारी उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं तेव्हा मला वाटलं, दोघांचीही सोय झाली. प्रत्यक्षात झाली ती माझी. मशीन चालू केलं की ग्रबची, म्हणजे विंडोज की उबुंटू हे विचारणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची, यादी यायची, १० सेकंद थांबायची आणि कुणी काही दाबलं नाही तर उबुंटू सुरू व्हायचं. बाबा बटण दाबून चष्मा शोधायला जातात. ते परत येईपर्यंत पडद्यावर माझं लॉगिन आलेलं असायचं.

विंडोजच्या अपडेटला तर आणखी गोंधळ. अपडेट चालू असताना मशीन आपणहून रीस्टार्ट होतं, कधी दोन-तीनदा. आमच्याकडे ते पहिल्याच रीस्टार्टला उबुंटूत जाऊन बसायचं आणि तिकडे अपडेट अर्धवट लटकलेलं. शेवटी ठरवलं, आपोआप सुरू व्हायला हवं ते विंडोजच. मला बाण दाबून खाली-वर करता येतं.

पहिला प्रयत्न फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये. फर्मवेअर म्हणजे मशीन चालू होताच सगळ्यांत आधी जागा होणारा प्रोग्रॅम, ज्याला आपण अजूनही बायोस म्हणतो. तिथल्या बूट ऑर्डरमध्ये, म्हणजे आधी काय सुरू करायचं त्या यादीत, विंडोज बूट मॅनेजर वर आणला, सेव्ह केलं. विंडोज थेट सुरू झालं खरं, पण ग्रबची यादीच गायब! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की याद्या दोन आहेत. मशीनने आधी कुणाला हाक मारायची, हे फर्मवेअर ठरवतं. ग्रबला हाक मारली तर त्याने पुढे कुणाला उठवायचं, ते ग्रबच्या यादीवर अवलंबून. मी ग्रबलाच वगळलं होतं. फर्मवेअरच्या यादीत ग्रब उबुंटूच्या नावाने असतो, ते नाव पुन्हा वर नेलं.

दुसरा प्रयत्न योग्य जागी होता. उबुंटूत ईटीसी फोल्डरच्या आत डीफॉल्ट नावाचा फोल्डर आहे, त्यात ग्रब नावाची साधी मजकुराची फाइल. तिच्यात ‘ग्रब_डीफॉल्ट=०’ अशी ओळ असते. यादीत विंडोज तिसरं होतं: उबुंटू, मग उबुंटूचे जादा पर्याय, मग विंडोज, शेवटी फर्मवेअर सेटिंग. मी ० खोडून ३ लिहिलं, रीस्टार्ट केलं. काहीही फरक नाही. कारण ग्रब सुरू होताना ही फाइल वाचतच नाही. तो वाचतो ती वेगळी, तयार केलेली फाइल, आणि ती नव्याने तयार होते ‘सुडो अपडेट-ग्रब’ ही कमांड चालवल्यावर. ते चालवलं, पुन्हा रीस्टार्ट केलं आणि मशीन सरळ फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन उभं राहिलं. बाहेर पडले, परत तिथेच. आकड्यांची सुरुवात शून्यापासून होते हे मला माहीत नव्हतं असं नाही. फाइलमध्ये ० लिहिलेलं डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी बोटांनी एकपासूनच मोजलं. ३ चं २ केलं आणि बाबांना म्हटलं, आता बटण दाबा आणि खुशाल चष्मा शोधा.

बरेच महिने छान गेले. मग मी उबुंटूची आवृत्ती २४.०४ वर नेली. दुसऱ्या दिवशी बाबांची हाक: “अगं, हे काय निळं निळं सुरू झालंय? मी काही दाबलेलं नाही हं!” पडद्यावर मेमरीची तपासणी चालू होती, आकडे पळत होते. नव्या आवृत्तीने यादीत मेमरी तपासणीच्या दोन ओळी घातल्या होत्या, त्याही विंडोजच्या वर. विंडोज २ वरून ४ वर सरकलं होतं आणि माझा २ निमूटपणे तपासणीकडे बोट दाखवत होता.

४ लिहून मोकळं होणं सोपं होतं, पण पुढच्या वेळी पुन्हा तीच हाक आली असती. म्हणून आकडा काढून नाव लिहिलं. नाव यादीत दिसतं तसंच्या तसं, अवतरणचिन्हात द्यावं लागतं. विंडोजच्या नावापुढे कंसात डिस्कच्या भागाचा पत्ता असतो, तोसुद्धा वगळायचा नाही. मी टाइप करायच्या भानगडीत न पडता ग्रबच्या तयार फाइलमधून उचलून चिकटवलं.

मागच्या वेळी निवडलेलंच पुन्हा सुरू करण्याची सोयही ग्रबमध्ये आहे. एकट्याच्या मशीनला ती उत्तम. आमच्याकडे मी रात्री उबुंटूत काम करते, म्हणजे सकाळी बाबांपुढे पुन्हा उबुंटूच. मला जास्त उपयोगी पडली ती ‘ग्रब-रीबूट’ ही कमांड. तिला ० सांगितलं की फक्त पुढच्या एका वेळी उबुंटू सुरू होतं, मग गाडी आपोआप विंडोजवर. उबुंटूच्या अपडेटनंतर रीस्टार्ट करायचं असलं की आता यादीची वाट पाहत बसावं लागत नाही.

एका मैत्रिणीच्या यादीतून मात्र विंडोजच नाहीसं झालं होतं. २०२१ साली आलेल्या ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधण्याचं काम मुळात बंद ठेवलेलं असतं. डीफॉल्ट फोल्डरमधल्या त्याच ग्रब फाइलमध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ ही ओळ लिहून यादी नव्याने तयार केल्यावर विंडोज परत दिसलं.

थांबण्याचा वेळ मी १० वरून ५ सेकंदांवर आणलाय. बाबांचं म्हणणं, तेवढे तरी कशाला? ते माझे आहेत.