तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजी धड येत नसेल तर एआयकडून कंपनीची पीपीटी होते का?

होते. पण बहुतेकजण ज्या क्रमानं करायला जातात, त्या क्रमानं नाही.

बेळगावजवळच्या मच्छेतले एक वर्कशॉपवाले काका गेल्या महिन्यात हेच विचारत होते. खानापूरहून रोज रेल्वेनं येणारी आमची ट्रेनी मुलगी विचारते. परवा एका लग्नात जेवणाच्या पंगतीत शेजारच्या बाईंनीही विचारलं, त्यांच्या मुलाला कॉलेजात प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन द्यायचं होतं. प्रत्येक वेळी मी घाईत दोन वाक्यं सांगते आणि नंतर वाटत राहतं, आपण अर्धवटच सांगितलं. म्हणून आता सविस्तर लिहिते.

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटी बघते. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग डिप्लोमा एकदम इंग्रजीतून. आमच्या ऑफिसात एका दिवसात तीन भाषा लागतात. पुण्याच्या कस्टमरला मेल इंग्रजीत, सरकारी कागद कन्नडमध्ये, आणि शॉपवर, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी, मराठी-कन्नड असं मिसळून गेलेलं की कुठली कुठं संपली ते बोलणाऱ्यालाही कळत नाही. यात पीपीटी म्हणजे वर्षानुवर्षं एकच उद्योग होता. मागच्या वर्षीची फाइल उघडायची, तारीख बदलायची, आकडे बदलायचे, फोटो तेच. नवीन काही सांगायचं असलं तरी सांगायचं धाडस व्हायचं नाही, कारण नवीन वाक्य इंग्रजीत लिहावं लागणार. ज्याला सगळं माहीत तो माणूस मीटिंगला मागच्या खुर्चीवर गप्प, आणि ज्याला इंग्रजी येतं तो पुढं उभा, हे मी फार जवळून बघितलंय. त्याचं मला खरंच वाईट वाटत आलंय.

एआय सहायक हातात आला तेव्हा मीही तेच केलं जे सगळे करतात. एक ओळ लिहिली: आमच्या फौंड्रीची कस्टमरसाठी पीपीटी बनव. दोन मिनिटांत बारा स्लाइड तयार. रंग सुरेख, इंग्रजी असं गुळगुळीत की मला जन्मात जमलं नसतं. मग एकेक स्लाइड वाचत गेले. तिसऱ्या स्लाइडवर आमच्याकडं आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं प्रमाणपत्र असल्याचं लिहिलेलं. आमच्याकडं आयएसओ ९००१ हे दर्जा व्यवस्थापनाचं सर्वसाधारण प्रमाणपत्र आहे, आयएटीएफ नाही. सातव्या स्लाइडवर उत्पादकता २५ टक्क्यांनी वाढल्याचं. कुणी मोजली? पहिल्याच पानावर चकाचक रोबो लोखंड ओततानाचं चित्र. आमच्याकडं लोखंड माणसं ओततात.

हे का होतं, ते समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. ही यंत्रं पुढचा शब्द कुठला येण्याची शक्यता जास्त आहे, या हिशोबानं लिहितात. फौंड्रीच्या प्रेझेंटेशनमध्ये जगभर अशा जागी प्रमाणपत्रं असतात, टक्के असतात, रोबो असतो. आपण माहिती दिली नाही तर ती जागा रिकामी राहत नाही, नेहमी तिथं जे असतं त्यानं भरली जाते. त्यामागं फसवायचा हेतू नसतो, पण पेपरवर सही आपल्या कंपनीची असते. कस्टमरचा माणूस ऑडिटला आला की सगळ्यात आधी प्रमाणपत्र बघायला मागतो. नसलेलं प्रमाणपत्र एकदा स्लाइडवर दिसलं की पुढचे खरे आकडेसुद्धा तो संशयानंच वाचणार.

ती फाइल मी तशीच पुसून टाकली.

दुसऱ्या खेपेला विषय नेमका होता. पावसाळ्यात आमच्या एका पार्टचं रिजेक्शन, म्हणजे नापास होणाऱ्या नगांचं प्रमाण, वाढलं होतं आणि कस्टमरनं खुलासा मागितला होता. या वेळी मी कॉम्प्युटरसमोर बसायच्या आधी मोल्डिंगवर, म्हणजे वाळूचे साचे करतात तिथं, गेले. तिथं आमचे फोरमन आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात. तात्यांनी वाळूच्या ढिगातून एक मूठ उचलली, आवळली आणि माझ्यासमोर उघडली. "हे बघ पोरी, गोळा मधनं मोडला की कडा नीट ऱ्हायला पायजेत. आणि वाळू हाताला चिकटली की समज, आज ताप हाय." त्या दिवशी ती त्यांच्या तळव्याला चिकटली होती. काळी, ओलसर, बोटांच्या रेघांत बसलेली.

गोष्ट साधी आहे. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि मापात पाणी असतं. पाणी मापाबाहेर गेलं की १३०० अंशांच्या वरचं लोखंड आत पडताच पाण्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतून तयार झालेल्या भागात, पोकळी राहते. त्यालाच ब्लो होल म्हणतात. बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या शेडची पश्चिमेकडची बाजू उघडी होती, वाऱ्याबरोबर पाऊस थेट ढिगावर यायचा, आणि ओल मोजायची ती शिफ्टमध्ये एकदाच. ती बाजू आम्ही नंतर झाकली. तात्यांनी हे जूनमध्येच सांगितलं होतं. फक्त ते कुठल्याही कागदावर नव्हतं.

मी फोनवर बोलून टाइप होतं ती सोय चालू केली आणि हे सगळं मराठीत, जसंच्या तसं, एआयला सांगितलं. वाक्यं तुटकी होती, मध्येच "म्हणजे काय", मध्येच "थांबा सांगते". काही बिघडलं नाही. आणि शेवटी एक ओळ घातली, जी मी आता प्रत्येकाला घालायला सांगते: आधी स्लाइड करू नकोस, तुला काय कमी पडतंय ते मला विचार.

त्यानं प्रश्न विचारले. कुठल्या महिन्यापासून वाढलं? एकाच पार्टला का, बाकीच्यांना का नाही? ओल आधी किती होती, नंतर किती? शेड झाकल्यानंतर किती दिवसांचे आकडे आहेत? यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला देता येईनात. पुन्हा खाली गेले, तात्यांना विचारलं, वाळूचं रजिस्टर काढलं. एकाच पार्टला का, याचं उत्तर तात्यांनी लगेच दिलं: त्याची भिंत जाड, आणि वर वाफ निघायला भोकं कमी. माझ्या मते एआयचा खरा उपयोग इथं झाला. सुंदर स्लाइडपेक्षा ते चार प्रश्न मोलाचे होते, कारण कस्टमरही नेमके तेच विचारणार होता.

आमच्या बोलीतल्या शब्दांवर मात्र लक्ष ठेवावं लागतं. मी मालाची ग्रेड एफजी २६० सांगितली. ही आयएस २१० या भारतीय मानकातली ग्रे आयर्नची, म्हणजे एका प्रकारच्या ओतीव लोखंडाची, ग्रेड, २६० म्हणजे ताणाची किमान ताकद, मेगापास्कलमध्ये. त्यानं एफजीचा अर्थ तयार माल असा घेतला आणि २६० नग तयार असल्याचं लिहिलं. हीट म्हणजे आमच्याकडं भट्टीतला एक घाणा, त्याला नंबर असतो. त्यानं हीट १४ ला तापमान केलं. चूक त्याची म्हणण्यापेक्षा शब्द माझ्या कामातला होता आणि मी समजावला नव्हता. आता मी सुरुवातीलाच दहा-पंधरा शब्दांची यादी अर्थासकट देते, नवीन पोरगा कामाला लागला की देतो तशी. ती यादी जपून ठेवली आहे, प्रत्येक वेळी तीच चिकटवते.

मग स्लाइड. बाराच्या पाच झाल्या. वर मथळा म्हणून नुसतं "रिजेक्शन ॲनालिसिस" लिहायचं नाही, तिथं पूर्ण वाक्य लिहायचं, असं मी बजावलं. म्हणजे पावसाळ्यात वाळूला ओल धरली म्हणून ब्लो होल वाढले, हे एका स्लाइडचं डोकं. शेड झाकून दर तासाला ओल मोजायला लागलो, हे दुसरीचं. नुसते मथळे वाचले तरी हकीकत कळली पाहिजे. वरचं वाक्य इंग्रजीत, आणि खाली वक्त्यासाठी नोट्सची जागा असते ना, तिथं तेच मराठीत. बोलताना अडखळलं तर नजर खाली टाकायची. त्याच नोट्समध्ये प्रत्येक आकड्यापुढं तो कुठून आला ते लिहायचं: वाळूचं रजिस्टर, अमुक तारीख, अमुक माणूस. ज्या आकड्यापुढं माणसाचं नाव लिहिता येत नाही तो आकडा मी काढून टाकते, मग तो कितीही चांगला दिसत असो. आमचे खरे आकडे इथं देत नाही, ते कंपनीचे आहेत.

फाइलचं थोडं तांत्रिक. पॉवरपॉइंटमध्ये कोपायलट हा एआय आहे, गूगल स्लाइड्समध्ये जेमिनी आहे, काही सहायक थेट पीपीटीची फाइल बनवून देतात, काही फक्त मजकूर. फाइल बनवणारे बऱ्याचदा आत एक छोटा प्रोग्रॅम लिहून ती तयार करतात, त्यामुळं अक्षरं चौकटीबाहेर गेलेली त्यांच्या लक्षात येतंच असं नाही. उघडून आपण बघायचं. आलेख चित्र म्हणून घेऊ नका, आकडे बदलता येतील असा आलेख मागा, नाहीतर ऐनवेळी एक आकडा सुधारायला सगळं परत. एआयनं काढलेल्या चित्रात देवनागरी अक्षरं पुष्कळदा मोडकी येतात. चित्राऐवजी स्वतःच्या शेडचा फोटो टाका, मोबाइलवरचा चालतो.

आणि कस्टमरचं ड्रॉइंग, भाव, पार्ट नंबर यातलं काहीही त्याला देऊ नका. कस्टमरशी गुप्ततेचा करार असतो, आणि ते फुकटातल्या ॲपवर चढवणं म्हणजे आपण होऊन करार मोडणं. मी "कस्टमर अ", "पार्ट १" असं लिहिते आणि नंतर हातानं खरी नावं भरते. पाच मिनिटांचं काम आहे.

बँकेसाठी करायची असली तरी रीत हीच. खानापूरकडचा माझा मावसभाऊ, त्याचं काजूचं छोटं युनिट. त्याला कर्जासाठी पीपीटी हवी होती आणि एआयनं त्याला "उज्ज्वल भविष्य" छापाच्या आठ स्लाइड दिल्या होत्या. मी म्हटलं, मला मराठीत सांग, पैसे कुठं अडकतात? तो म्हणाला, "बी उन्हाळ्यात येतं, तेव्हाच घेऊन ठेवावं लागतं की. विकतो वर्षभर." हेच तर बँकेला सांगायचं आहे. कुठल्या महिन्यात किती पैसा मालात बसतो आणि कुठल्या महिन्यात सुटतो, याची एक स्लाइड केली. बाकीच्या आठ काढल्या, त्याला थोडं वाईट वाटलं.

आता रिजेक्शनबद्दल कस्टमरबरोबर झालेल्या माझ्या रिव्ह्यू मीटिंगचं. ऑनलाइन होती. मी तात्यांना शेजारी बसवलं, मागच्या खुर्चीवर नाही. दुसऱ्या स्लाइडवर पलीकडच्या इंजिनिअरनं विचारलं, जाड भिंतीचं कारण तुम्हाला कसं कळलं? मी तात्यांकडं बघितलं. त्यांनी मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत केलं. तीस वर्षांत कस्टमरनं त्यांना पहिल्यांदा काही विचारलं होतं.

त्यानंतर तात्याच म्हणाले, हे खाली पोरांनाही कळू दे. म्हणून त्याच पाच स्लाइडवरून एका पानाचा कागद केला, अर्धा मराठी, अर्धा कन्नड. कन्नड एआयनंच करून दिलं. मी वाचू शकते, पण खात्रीसाठी मशीन शॉपमधल्या गोकाकच्या सहकाऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, सगळं बरोबर आहे, पण वाळूला इथं "मरळु" कोण म्हणतं? आपल्याकडं "उसुकु". एआयनं पुस्तकातला शब्द घातला होता. चार ठिकाणी होता, चारही बदलला.

तो कागद सँड प्लांटजवळच्या, म्हणजे वाळू तयार करतात तिथल्या, बोर्डावर लावलाय. दर तासाला ओल मोजणारी पोरं त्याच्याच खाली आकडा लिहितात, त्यामुळं त्याचा उजवा कोपरा हात लागून लागून काळा झालाय. या पावसाळ्याआधी नवीन प्रिंट काढायची आहे.